स्वतः बांधलेल्या विमानाचा ड्रम ब्रेक: दोन्ही चाकं सारखी कशी धरतील?

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं की ड्रम ब्रेकची तब्येत कळते. फेरा पूर्ण व्हायच्या आत एका जागी हलकीशी 'खस्स' ऐकू येते, बोटांना जेमतेम जाणवेल एवढं चाक अडखळतं आणि पुन्हा मोकळं फिरतं. स्कूटरच्या मागच्या चाकात असं झालं तर आपण फारसं मनावर घेत नाही. चार दिवस चालवली की ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून धरणारे अर्धगोल तुकडे, घासून जागा करतात. विमानात मात्र तोच 'खस्स' डाव्या चाकात आहे आणि उजव्यात नाही, यावरून उतरल्यानंतरचं विमान सरळ जाणार की बाजूला वळणार, हे ठरू शकतं.

एक-दोन माणसांची, तीनशे-चारशे किलोंची, स्वतः बांधलेली विमानं अजूनही बऱ्याच ठिकाणी केबलने ओढायच्या ड्रम ब्रेकवर चालतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक त्यांच्यापेक्षा सरस असतात, हे खरंच आहे. पण ड्रम ब्रेक वजनाला हलका असतो, त्यात तेल नसतं, गळती नसते, हवा धरायचा प्रश्न नसतो आणि लहान चाकाच्या हबमध्ये तो अख्खा मावतो. शिवाय जुन्या आराखड्यांवरून बांधणाऱ्यांसमोर बऱ्याचदा तोच एक पर्याय कागदावर असतो. तो नीट लावला तर वर्षानुवर्षं निमूट काम करतो. पण 'नीट लावणं' म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. बहुतेक जण ब्रेक जास्तीत जास्त जोरात कसा लागेल, याच्या मागे लागतात. मला वाटतं मेहनत वेगळ्या ठिकाणी घालायला हवी. दोन्ही चाकं सारखी धरली पाहिजेत आणि पाय जसा दाबू तशी ओढ हळूहळू वाढली पाहिजे. एवढं साधलं की जोराचा प्रश्न बहुधा उरतच नाही.

सुरुवातीच्या विमानांना ब्रेकच नसत. ती गवताच्या मैदानावर उतरत, शेपटीखालची स्किड (जमिनीवर घसटणारा दांडा) जमिनीत रुतत जाई आणि तोच त्यांचा ब्रेक. बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ साली फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून एअर कॅम्पर उडवलं, ते याच गवती मैदानांच्या जमान्यात. पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या, स्किडच्या जागी टेलव्हील, म्हणजे शेपटीखालचं लहान चाक, आलं आणि विमान थांबवायला, वळवायला, इंजिन तपासताना जागेवर धरायला काहीतरी हवं झालं. १९४० च्या दशकातल्या टेलरक्राफ्टसारख्या हलक्या विमानांत टाचेने दाबायचे, केबलवर चालणारे ब्रेक आले. आजच्या होमबिल्ट विमानांतली रचना त्याच घराण्यातली आहे.

आतली रचना

ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी वाडगा. बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या हबमध्ये बिडाचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या आत न फिरणारी बॅकप्लेट असते आणि तिच्यावर अर्धगोलाकार दोन शू. शूंची एक टोकं एका स्थिर पिनवर टेकलेली आणि दुसऱ्या टोकांच्या मध्ये कॅम, म्हणजे दोन बाजूंनी चपटी केलेली दांडी. बाहेरून केबलने आर्म, म्हणजे या दांडीवर बसवलेला तरफेसारखा हात, ओढला की दांडी फिरते, चपटा भाग आडवा होऊ लागतो आणि शूंची टोकं फाकतात. शूंवरचं लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर, ड्रमला आतून घासतं. केबल सोडली की स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात. बस, एवढंच.

गंमत पुढे आहे. दोन्ही शू एकसारखे दिसतात, पण दोघांचं काम सारखं नसतं.

फळ्यावर खडू तिरका धरून मागे ओढत नेला, तर तो गुमान रेघ मारतो. तोच खडू त्याच तिरक्या कोनात पुढे ढकलला, तर तो अडतो, टकटक उड्या मारतो, किंचाळतो. हात तोच, दाब तोच. पण पुढे ढकलताना फळ्याचं घर्षणच खडूला फळ्यात आणखी दाबत असतं. ड्रमच्या आत नेमकं हेच होतं. एका शूच्या बाबतीत ड्रम कॅमकडून पिनकडे घासत जातो. तिथे घर्षण त्या शूला ड्रममध्ये आणखी खेचून घेतं. हा लीडिंग शू. दुसऱ्याच्या बाबतीत ड्रम पिनकडून कॅमकडे जातो, म्हणून घर्षण त्याला ड्रमपासून दूर ढकलतं. हा ट्रेलिंग शू. नव्या ब्रेकमध्ये दोन्ही शूंना कॅमने सारखाच जोर दिला, तरी लीडिंग शू दुसऱ्याच्या दोन ते तीन पट काम करतो.

याचा साधा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ड्रमची आतली त्रिज्या ५५ मिलिमीटर धरू. पिन आणि कॅम मध्यापासून ४५-४५ मिलिमीटरवर आहेत आणि लायनरचा घर्षण गुणांक ०.३५ आहे असं समजू. शूचा सगळा दाब त्याच्या मधोमध पडतो असं मानलं, तर कॅमच्या प्रत्येक १०० न्यूटन जोरामागे लीडिंग शू ड्रमला सुमारे १२२ न्यूटनने घासून धरतो आणि ट्रेलिंग शू फक्त ४९ न्यूटनने. आता काही कारणाने गुणांक ०.३५ चा ०.४५ झाला असं धरा. वाढ २९ टक्के. डिस्क ब्रेकमध्ये ओढही २९ टक्केच वाढली असती. इथे लीडिंग शू १२२ वरून २०० वर जातो, ट्रेलिंग ५८ वर, आणि ब्रेकची एकूण ओढ जवळपास ५० टक्क्यांनी वाढते.

हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला, तेव्हापासून ब्रेककडे बघायची माझी नजरच बदलली. ड्रम ब्रेक पायाचा जोर मोठा करतो, तसाच चुकांचा आकारही मोठा करतो. डाव्या चाकात रात्रीच्या दमटपणाने गंजाचा पातळ थर आला, उजव्यात आला नाही. एका लायनरला ग्रीसचं बोट लागलं. एका बाजूचं लायनर वेगळ्या खोक्यातलं आहे. असे छोटे फरक आत जाताना छोटे असतात आणि चाकावर येतात तेव्हा दीडपट होऊन येतात. घर्षण आणखी वाढलं, तर अशी वेळ येते की पाय उचलला तरी लीडिंग शू स्वतःच्या जोरावर ड्रमला चिकटून राहतो. वरच्या आकड्यांत ही हद्द ०.८२ च्या आसपास आहे. चांगलं लायनर तिथवर जात नाही, पण गंजलेला ड्रम आणि कॅमकडच्या टोकालाच टेकणारा शू एकत्र आले की ब्रेक 'दात लावतो'. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

किती जोर पुरे?

टेलव्हील विमानात पुढची दोन चाकं गुरुत्वमध्याच्या थोडी पुढे असतात. शेपूट वर आहे, विमान आडवं धावतंय, अशा वेळी चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्यापर्यंत रेघ ओढली, तर ती उभ्या रेषेपासून साधारण १५ अंश मागे झुकलेली असते. या कोनाचा टॅन म्हणजे ०.२७. याचा अर्थ असा, की गुरुत्वाकर्षणाच्या २७ टक्क्यांहून जास्त मंदन झालं तर, शेपटीवरच्या हवेची मदत सोडल्यास, विमान नाकावर उभं राहायला निघतं. शेपूट जमिनीवर असताना तोच कोन २७ अंशांच्या घरात जातो आणि मर्यादा ०.५ च्या आसपास येते. शेपूट टेकल्यावर, नियंत्रणाची काठी पोटाशी धरून मगच ब्रेक, असं शिकवतात त्यामागे ही भूमिती आहे.

आता पायाकडून चाकाकडे येऊ. टाचेचा जोर ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोंचं वजन ठेवल्यासारखा. पेडलचं गुणोत्तर तीन, म्हणून केबलवर १५० न्यूटन. केबलच्या घर्षणात पाव भाग गेला की उरले सुमारे ११२. आर्मची लांबी ६० मिलिमीटर आणि कॅम प्रत्येक शूला मध्यापासून ६ मिलिमीटरवर ढकलतो, म्हणून प्रत्येक शूवर सुमारे ५६० न्यूटन. वरच्या हिशेबाने दोन्ही शूंची मिळून ड्रमवरची ओढ ९६० न्यूटन. टायरची त्रिज्या १८० मिलिमीटर असेल तर जमिनीवर एका चाकाची ओढ सुमारे २९० न्यूटन. दोन चाकांची मिळून ५८० च्या पुढे. ३०० किलोंच्या विमानासाठी हे ०.२ आहे. आणि हे फक्त पाच किलोंच्या दाबावर! पाय दुप्पट दाबला की ०.४, म्हणजे शेपूट वर असताना नाकावर जायला पुरेसं. प्रत्यक्षात शू वाकतात, लायनर सगळीकडे टेकत नाही, केबल ताणते, म्हणून ओढ कागदापेक्षा कमीच मिळते. तरीही अंदाज यायला हिशेब पुरेसा आहे. 'आमचे ब्रेक फार लागत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, की ते खरंच कमी लागतात, की दोन्हीकडे सारखे लागत नाहीत? दुसरं असेल तर आर्म लांब करायच्या आधी थांबा.

डावं-उजवं बिघडलं की काय होतं, तेही आकड्यांत बघू. डावं चाक ३०० न्यूटनने ओढतंय आणि उजवं २०० ने. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर. विमानाला डावीकडे फिरवणारा जोर ७५ न्यूटन-मीटर. वेगात असताना रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, तो सावरतं. पण वेग कमी होत जातो तसं रडर दुबळं होतं आणि ब्रेकचा फरक तसाच राहतो. त्यात टेलव्हील विमानाचा गुरुत्वमध्य चाकांच्या मागे, म्हणून एकदा वळायला लागलं की मागचं वजन वळण वाढवतच नेतं. ग्राउंड लूप तो हाच.

उष्णतेबद्दल थोडक्यात. ३०० किलोंचं विमान ताशी ७२ किलोमीटरने धावताना त्यात ६० किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी ३० वर येईपर्यंत ब्रेक न लावता थांबलात तर उरतात फक्त साडेदहा. ती दोन चाकांत वाटली आणि बिडाचं कडं दीड किलोचं असेल, तर ड्रम जेमतेम सात-आठ अंशांनी तापेल. टेकल्या टेकल्या सगळं काम ब्रेकवर टाकलं तर तोच चाळीस अंशांच्या पुढे जाईल. पण खरा चोर वेगळाच आहे. चिकटून राहिलेला ब्रेक नुसता ५० न्यूटनने घासत असेल आणि टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवर चालवत, एक किलोमीटर गेलात, तर त्या एकाच ड्रममध्ये ५० किलोज्यूल साठतात. पूर्ण वेगातून थांबण्यात एका चाकाच्या वाट्याला आले असते त्याहूनही जास्त. ड्रम सत्तर अंशांनी तापतो, फुगतो, लायनरपासून दूर जातो आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्या बाजूचं पेडल खोल जातं. टॅक्सीनंतर हाताची पाठ दोन्ही हबांजवळ नेऊन बघायची सवय मी म्हणूनच लावून घेतली आहे. एक कोमट आणि एक गरम लागलं, तर तपासणी तिथेच सुरू होते.

केबल: बहुतेक दुखणी इथलीच

इनर केबल (आतली तार) ओढली जाते तेव्हा आउटर (तिच्यावरची नळी) तेवढ्याच जोराने दाबला जातो, हे विसरलं की केबल समजत नाही. आउटरची दोन्ही टोकं पक्क्या आधारावर टेकलेली हवीत. तो आधार पातळ पत्र्याचा असेल तर पाय दाबल्यावर पत्रा वाकतो आणि पेडलचा निम्मा प्रवास तो पत्रा वाकवण्यातच जातो. एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन केबलच्या मार्गावर डोळा ठेवावा. जे जे हलतंय आणि हलायला नको, ते सगळं दिसतं.

दुसरी गोष्ट वळणांची. केबलमधलं घर्षण एकूण किती अंश वळण आहे यावर ठरतं, वळणाच्या त्रिज्येवर जवळपास नाही. मोठ्या, ऐसपैस वळणाने केबलचं आयुष्य वाढतं, पण ९० अंश ते ९० अंशच. घर्षण गुणांक ०.१५ धरला तर ९० अंशांच्या वळणात पायाच्या जोरातला सुमारे पाचवा हिस्सा जातो, १८० अंशांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणून डाव्या केबलला दोन वळणं आणि उजवीला तीन, असं झालं की ब्रेक सारखे लागणं अवघडच. केबिनमधली अडचण टाळायला एक केबल फिरवून घ्यायचा मोह होतो. तो आवरा, किंवा दुसरी केबलही तेवढीच फिरवा.

केबलच्या टोकाचं निपल, म्हणजे धातूची गुंडी, डाग देऊन बसवणार असाल, तर तारा आधी फुलासारख्या फाकवून निपलच्या खोलगट तोंडात बसवायच्या आणि मगच डाग द्यायचा. नुसती सरळ केबल भोकात घालून वरून डाग दिला तर सगळा भार डागाच्या चिकटण्यावर राहतो. जास्त तापवलं तर तारांचा कडकपणा जातो आणि ॲसिडचा फ्लक्स धुतला नाही तर आतून गंज सुरू होतो. केबल तुटते ती बहुतेकदा निपलच्या तोंडाशीच, आणि एकदम तुटत नाही. आधी एक-दोन तारा तुटतात. चिंधी हातात धरून केबलवरून फिरवा. तुटलेली तार चिंधीत अडकते. एक जरी तार तुटलेली सापडली तरी केबल बदला.

एकाच हँडलने दोन्ही ब्रेक ओढायची रचना असेल तर मध्ये समतोल दांडी हवी. तिच्या मध्यावर हँडलची ओढ आणि दोन टोकांना दोन केबल. एका बाजूचा शू आधी टेकला तर दांडी तिरकी होते आणि दोन्ही केबलांवर ताण सारखा राहतो. मात्र लक्षात ठेवा, ती ताण सारखा करते, ओढ सारखी करत नाही. लायनरमधला फरक तिला कळत नाही.

आर्मचा कोन

केबल आणि आर्म यांच्यातला कोन ब्रेक लागतो त्या क्षणी ९० अंशांच्या जवळ हवा. मोकळ्या स्थितीत आर्म थोडा मागे झुकलेला ठेवायचा, म्हणजे शू ड्रमला टेकेपर्यंत तो काटकोनात येतो. काटकोनापासून ३० अंश सरकला तर फायदा १३ टक्के घटतो, ४५ अंश सरकला तर जवळपास ३० टक्के. कॅमच्या दांडीवर बारीक दाते असतात. आर्म एक दाता पुढे-मागे बसवून कोन जमवता येतो. दोन्ही चाकांवर तो सारखा आहे ना, हे कोनमापक लावून बघा, नजरेवर सोडू नका.

लायनर झिजत जातं तसा कॅमला जास्त फिरावं लागतं आणि आर्म काटकोनाच्या पलीकडे जातो. लोक केबल आवळत राहतात. एक दिवस कॅम इतका फिरतो की त्याची टोकं जवळपास उभी होतात आणि तो तिथेच अडकतो. स्प्रिंगांना तो मागे फिरवता येत नाही. ब्रेक लागला तो लागलाच. झिजलेला ड्रम आणि झिजलेलं लायनर एकत्र असतील तर हे होऊ शकतं, म्हणून केबल आवळण्याआधी आर्म कुठे पोचलाय ते पाहायचं. नव्या लायनरवर आर्मची लागलेली स्थिती बॅकप्लेटवर रेघ मारून ठेवली, तर पुढची झीज रेघेवरून वाचता येते.

जुन्या मोटारसायकलचे भाग वापरणाऱ्यांसाठी इथेच एक इशारा देतो, कारण तो फार महत्त्वाचा आहे. साध्या एका कॅमच्या ब्रेकमध्ये चाक कुठल्याही दिशेने फिरो, एक शू लीडिंग आणि एक ट्रेलिंग असतोच. पण काही जुन्या पुढच्या चाकांत दोन कॅम असतात आणि दोन्ही शू लीडिंग असतात. अशा एकाच बाजूच्या दोन प्लेटा मिळवून डावीकडे एक, उजवीकडे एक लावली, तर एका चाकात दोन्ही शू लीडिंग आणि दुसऱ्यात दोन्ही ट्रेलिंग होतात. वरच्याच आकड्यांनी एक चाक दुसऱ्याच्या अडीच पट धरेल. दुचाकीच्या चाकांबद्दल आणखी दोन गोष्टी. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे तिच्या तारांच्या चाकावर आडवा भार फारसा येत नाही. विमान तिरकं टेकलं की तो भरपूर येतो. आणि दुचाकीचा ॲक्सल दोन्ही टोकांना धरलेला असतो, विमानाचा एकाच. हब, बेअरिंगमधलं अंतर आणि ॲक्सल यांची रचना आराखडा करणाऱ्याच्या किंवा तपासनिसाच्या संमतीशिवाय बदलू नये. बॅकप्लेट तर ॲक्सलच्या फ्लँजला बोल्टने पक्की हवीच, कारण ड्रमवर लावलेला सगळा पीळ उलट्या दिशेने तिच्यावर येतो. ती फिरली तर केबल तुटेल आणि ब्रेक जाईल.

लायनर ड्रमला बसवणं

जुने शू उघडण्याआधी एक गोष्ट: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने फुंकू नका. ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. नवं लायनरही कोरडं घासताना मास्क असू द्या.

नवं लायनर ड्रमला क्वचितच सगळीकडे टेकतं. कुठे टेकतंय ते बघायला खडू उत्तम. लायनरवर आडवा खडू चोळायचा, चाक बसवायचं, ब्रेक हलका धरून चाक दोन फेरे फिरवायचं आणि उघडायचं. जिथला खडू पुसला गेला तिथेच लायनर टेकतंय. पहिल्या वेळी बहुधा दोन बोटांएवढाच पट्टा दिसतो, बऱ्याचदा कॅमकडच्या टोकाला. हे टोक सर्वात वाईट, कारण तिथे टेकणारा लीडिंग शू झडप घातल्यासारखा धरतो. कानशीने किंवा सपाट लाकडाला लावलेल्या पॉलिश पेपरने तो पट्टा हलकेच उतरवायचा आणि पुन्हा खडू. सात-आठ वेळा तरी होतं. लेथ हाताशी असेल तर शू प्लेटवर बसवून, कॅममध्ये पातळ पट्टी घालून किंचित फाकवून, लायनर ड्रमच्या व्यासापेक्षा केसभर कमी कातून घेता येतं. मग खडूचं काम थोडंच उरतं. मी दोन्ही केलंय. लेथने वेळ वाचतो, पण शेवटचा हात खडूचाच लागतो. मधल्या दोन तृतीयांश भागात पांढरा रंग सारखा पुसला गेलेला दिसला की मी थांबतो. पुढच्या कडेला थोडा उतार द्यायचा, म्हणजे ती कड ड्रममध्ये रुतत नाही आणि किंचाळणंही कमी होतं.

मग शू मध्यावर आणणं. बॅकप्लेटच्या भोकांत थोडी मोकळीक असेल, तर बोल्ट सैल ठेवून पेडल जोरात दाबायचं. शू ड्रममध्ये स्वतःची जागा शोधतात आणि प्लेट मध्यावर येते. पेडल दाबलेलं असतानाच बोल्ट आवळायचे. सुरुवातीचा तो 'खस्स' एवढ्याने जात नसेल, तर दोष ड्रमच्या गोलाईत आहे. डायल गेज लावून बघा. अंडाकृती ड्रम कातूनच घ्यावा लागतो, लायनर घासून त्याची भरपाई होत नाही. कॅमच्या दांडीला उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावायचं. लायनरला ग्रीस लागलंच, तर पेट्रोलने धुवून किंवा भाजून ते बाहेर निघतं या भरवशावर राहू नका. दोन्ही चाकांचे शू एकाच जोडणीतले नवे घाला.

पाय पसरले की केबलचं काय?

हे मी स्वतः चुकून शिकलो. विमान जॅकवर घेऊन दोन्ही ब्रेक अगदी तोलून लावले होते. चाकं मोकळी, पेडल सारखी. खाली उतरवून ढकलायला गेलो तर डावं चाक जड. पुन्हा जॅकवर, पुन्हा मोकळं. अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी खाली बसून नुसतं बघत राहिलो तेव्हा दिसलं: वजन आल्यावर बंजीवरचे (रबरी दोरांवर तोललेले) चाकांचे पाय पसरत होते आणि डाव्या बाजूच्या आउटरला सांध्यापाशी पुरेसा झोल नव्हता. पाय पसरला की आउटर ताणला जाऊन त्याचं टोक आधारातून सरकत होतं आणि ब्रेक आपोआप लागत होता. जमिनीवर नुसतं जड जाणवलं, पण दणकून टेकलं असतं, पाय आणखी पसरला असता, तर त्या क्षणी एकच चाक धरलं गेलं असतं. तेव्हापासून केबलची जुळणी मी तीन स्थितींत तपासतो: पाय लटकलेले, विमान स्वतःच्या वजनावर, आणि पंखाच्या आधारापाशी दोघांनी भार देऊन पाय आणखी पसरलेले. तिन्हींत चाक मोकळं फिरलं किंवा ढकललं गेलं पाहिजे. कप्प्यांवरून जाणाऱ्या उघड्या केबलमध्ये तर हे आणखी काटेकोर हवं. कप्पी पायाच्या बिजागरीच्या रेषेत नसेल तर पाय हलताच लांबी बदलते.

दोन्ही बाजू मोजून बघा

डोळ्याने आणि पायाने कळत नाही ते ताणकाट्याने कळतं. विमान जॅकवर घ्या. डाव्या पेडलला पाच किलोंचं वजन टांगा. टायरभोवती दोरी गुंडाळा, तिच्या टोकाला ताणकाटा लावा आणि पुढच्या दिशेने चाक फिरेल असं सावकाश ओढा. चाक सरकू लागतं तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. तीनदा करा, मग तेच वजन उजव्या पेडलला. नंतर दहा किलो टांगून पुन्हा. दोन्ही बाजूंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर मी पुढे जात नाही. आणि वजन दुप्पट केल्यावर ओढ दुपटीपेक्षा बरीच जास्त होत असेल, तर बहुधा लीडिंग शू टोकाला टेकतोय, पुन्हा खडू काढा. उलट, दुपटीपेक्षा बरीच कमी होत असेल तर कुठला तरी आधार वाकतोय किंवा आर्म काटकोनाच्या पार गेलाय.

हे आकडे पुढच्या वर्षीच्या तपासणीला सोन्यासारखे असतात, म्हणून ते लॉगबुकात तारखेसह जावेत. तेव्हाच सगळ्या कॉटर पिना नव्या घाला, एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरू नका. लॉकनट आवळलेत का आणि ॲडजस्टरमध्ये पुरेसे आटे गुंतलेले आहेत का, तेही बघा.

पहिली टॅक्सी वारा नसताना, माणसाच्या चालण्याच्या वेगाने. हलका ब्रेक, थांबा, ड्रम निवू द्या, पुन्हा. पंधरा-वीस वेळा असं झालं की लायनर ड्रमशी जुळतं. आता पुन्हा ताणकाटा लावा, कारण जुळल्यानंतरचा आकडा वेगळा येतो आणि तोच खरा आकडा. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून इंजिन सुरू करत असाल, तर केबलचा ब्रेक कितीही चांगला लागत असला तरी चाकांखाली चोक, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, हवेतच आणि कॉकपिटमध्ये जाणता माणूस हवाच. ब्रेक धरून फुल पॉवर देऊन बघायचीही गरज नाही. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) तपासायच्या पॉवरला विमान जागेवर धरलं जातंय आणि डावं-उजवं करत नाहीये, एवढ्यावर मी पेडलवरून पाय काढतो, उतरून दोन्ही हबांजवळ हात नेतो आणि दोन्ही सारखेच कोमट लागले तर चाकांची झाकणं बसवतो.